सिस्टर, सलाईन संपलं

सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हेच. कधी खिडकीजवळच्या कोपऱ्यातून येतं, कधी फरशीवर टाकलेल्या गादीवरून, कधी खाटेखाली पथारी पसरून अर्धवट झोपेत असलेल्या नातेवाइकाकडून. ऐकायला साधं आहे. पण सलाईनच्या बाटलीवर नजर ठेवणं हे परिचारिकेचं काम, आणि ते कधी तरी कुणालाही न विचारता रुग्णाच्या आईकडे, मुलाकडे, भावाकडे गेलं. तसा आदेश कुठल्या फाइलीत सापडणार नाही.

या कामात नेमकं काय असतं ते आधी पाहू. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची असेल तर तासाला १२५ मिलिलिटर जायला हवं. एका मिलिलिटरला २० थेंब पाडणारा सेट असेल तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. घड्याळ समोर धरून, नळीवरचा रोलर कमी-जास्त करून हा वेग लावावा लागतो. वेग आपोआप राखणारा इन्फ्युजन पंप असला तर तो एकदा लावला की पुरतं. जनरल वॉर्डात तो नसतो. रुग्णानं कोपर वाकवलं की थेंब मंदावतात, हात सरळ केला की धावतात. संडासला जाताना बाटली हातात खाली धरली की रक्त नळीत चढतं. म्हणून वेग एकदा लावून काम भागत नाही, तासातासाला बघावा लागतो. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्या माणसाला चार तासांचं सलाईन दीड तासात गेलं तर पाणी फुप्फुसात साठतं. उलट बाटली रिकामी होऊन तशीच लटकत राहिली तर इंट्राकॅथमध्ये, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीत, रक्त गोठतं, मग ती काढा, नवी शीर शोधा, पुन्हा टोचा. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा भाजलेल्या रुग्णाच्या हातावर नवी शीर मिळवायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. नातेवाईक बाटली संपलेली सांगू शकतो. वेग चुकलाय हे त्याला कळत नाही, आणि त्याला ते कळावं अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

परिचारिकांच्या तुटवड्याबद्दल लिहिताना आकडे भरपूर मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. आकडा खरा आहे, पण त्यानं पोटात काही हलत नाही. वॉर्डात तुटवडा आकड्यासारखा दिसत नाही. दोन सिस्टर पांढऱ्या कपड्यांत धावताना दिसतात, इंजेक्शनं दिली जातात, चार्ट भरलेले असतात. न झालेली कामं मात्र कुणाच्याच नजरेस पडत नाहीत. कोणती कामं आधी सुटतात याचा एक ठरलेला क्रम असतो, आणि माझ्या मते सगळा विषय त्या क्रमातच आहे.

रात्री नऊच्या इंजेक्शनांचा हिशेब मांडून बघा. वॉर्डात पन्नास रुग्ण आहेत, त्यांपैकी पंचवीस जणांना शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं आहे. सेफ्ट्रियाक्झोन एक ग्रॅमची कुपी घ्या. ट्रीटमेंट शीट बघायची, नाव विचारायचं, ॲलर्जी विचारायची, हात स्वच्छ करायचे, कुपीत १० मिलिलिटर स्टराइल वॉटर घालून पावडर पूर्ण विरघळवायची, सिरिंजवर लेबल लावायचं, इंट्राकॅथची जागा सुजलीय का पाहायचं, सलाईननं ती धुवून घ्यायची, औषध दोन ते चार मिनिटांत हळूहळू सोडायचं, पुन्हा धुवायचं, सुई शार्प्सच्या डब्यात टाकायची, सही करायची. सगळं नीट केलं तर एका रुग्णाला किमान सहा मिनिटं लागतात. पंचवीस रुग्णांना दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास मागे-पुढे औषध गेलं पाहिजे असा दंडक आहे. एकटी सिस्टर नऊला सुरू करून साडेअकराला संपवेल, तेही मध्ये कुणाला धाप लागली नाही, नवा रुग्ण आला नाही, कुणी ‘सलाईन संपलं’ म्हणालं नाही तर.

मग काय होतं? सगळी औषधं आधीच भरून एका ट्रेमध्ये ठेवली जातात. लेबलं राहतात. दोन रंगहीन, पाण्यासारखी दिसणारी द्रावणं शेजारी शेजारी येतात. चार मिनिटांचं इंजेक्शन तीस सेकंदांत जातं. दोन रुग्णांच्या मध्ये हात चोळायला वीस ते तीस सेकंद हवेत; पंचवीस रुग्णांच्या आधी आणि नंतर मिळून ती किमान सतरा मिनिटं होतात, आणि ही सतरा मिनिटं सगळ्यांत आधी गळतात. एका खाटेवरचा जंतू तिसऱ्या खाटेवर पोचतो तो असा. तासभर लावून ड्रिपमधून द्यायचं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घाईत गेलं तर अंग लाल होऊन रक्तदाब उतरतो. पोटॅशियम क्लोराइड तर थेट शिरेत कधीच सोडायचं नसतं. ते गेलं तर हृदय थांबतं. अशा वेळी चौकशी बसते आणि सही कुणाची ते बघितलं जातं. त्या रात्री वॉर्डात किती रुग्ण होते आणि किती सिस्टर, हा रकाना चौकशीच्या कागदावर असायला हवा असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

तरी औषधं हे शेवटी सुटणारं काम आहे, कारण त्याची नोंद होते. त्याआधी सुटतं ते श्वास मोजणं.

टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, उघडून बघा. ताप ९९.२, १००.४, ९८.६ असा वेगवेगळा दिसेल. नाडी वेगवेगळी दिसेल. श्वासाच्या ओळीत मात्र २०, २०, २०, १८, २०. अख्ख्या वॉर्डाचा श्वास एकाच गतीनं चालत नसतो. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेलं यंत्र सांगतं. श्वास मात्र छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, तोही रुग्णाला न कळू देता, कारण कळलं की तो श्वास बदलतो. पन्नास रुग्णांची पन्नास मिनिटं. ती नसतात, म्हणून अंदाजानं २० लिहिलं जातं. आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला, फुप्फुसात गुठळी अडकली, शरीरात आम्ल साठायला लागलं की बहुतेक वेळा सगळ्यांत आधी बदलतो तो श्वासच. २० चा २६, मग ३० होतो. रक्तदाब पुष्कळ नंतर पडतो. पहाटे चार वाजता पडलेला रक्तदाब पाहून धावपळ सुरू होते तेव्हा रात्री दहालाच मिळालेली सूचना कुणी वाचलेली नसते. नातेवाईक म्हणतात, ‘रात्री बरे होते हो, अचानक गेले.’ अशा पुष्कळ मरणांतलं ‘अचानक’ हे न मोजलेल्या मिनिटांतून आलेलं असतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथे तुलना होती एका परिचारिकेमागे चार रुग्ण की आठ, यांची. कॅलिफोर्नियानं तर १९९९ मध्ये कायदाच केला. २००४ पासून साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक आणि २००५ पासून पाचांमागे एक परिचारिका बंधनकारक झाली.

श्वासानंतर सुटतं ते कूस बदलणं. अर्धांगाचा, मणक्याला मार लागलेला किंवा बेशुद्ध रुग्ण दर दोन तासांनी वळवायचा असतो: डावी कूस, पाठ, उजवी कूस. दोन माणसं लागतात, कारण एकट्यानं ओढलं तर कातडी चादरीवर घासून सोलते. पाच मिनिटं, दोन माणसं, दिवसातून बारा वेळा: एका रुग्णासाठी दोन मनुष्यतास. असे चार रुग्ण असले तर आठ तास, म्हणजे एका सिस्टरची अख्खी ड्युटी. ते जमलं नाही की माकडहाडावर आधी लाली येते, बोटानं दाबून सोडली तरी न जाणारी. ती पाहिली गेली तर अजून वेळ असतो. नाही पाहिली तर फोड, मग जखम, मग हाडापर्यंत खड्डा. भरायला महिने लागतात, आणि त्या ड्रेसिंगला रोज वेळ जातो तो वेगळाच.

इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण येतेच. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या आवारात हल्ला झाला. मे २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, ज्यांनी त्यांना काम करताना पाहिलं होतं त्या निवृत्त झाल्या, आणि ज्यांनी पाहिलंही नव्हतं त्या मुली त्यांना भरवत राहिल्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही त्यांना एकही बेड सोअर झाला नाही, हे त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाच्या वेळी देशासमोर आलं. आपल्याकडच्या परिचारिकांना काम येत नाही असं कुणी म्हटलं की मला ही एक गोष्ट पुरेशी वाटते. हात पुरेसे असले आणि मन लागलेलं असलं की काय होतं, ते परळच्या त्या खोलीत चार दशकं दिसत होतं.

नवजात बाळांच्या कक्षात हे गणित आणखी कठोर होतं. कमी वजनाच्या बाळाला दर दोन तासांनी दूध द्यायचं, नळीनं किंवा वाटी-चमच्यानं. हात धुणं, नळी जागेवर आहे का बघणं, दूध हळूहळू सोडणं, ढेकर, लंगोट, तापमान, नोंद, मिळून पंधरा मिनिटं. एका सिस्टरकडे दहा बाळं असतील तर एक फेरी संपायला दीडशे मिनिटं लागतात, आणि पुढची फेरी एकशेविसाव्या मिनिटाला सुरू व्हायची असते. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत नवजात बाळंही बरीच होती, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि औषधांबरोबर मनुष्यबळाचा प्रश्नही समोर आला. काही आठवडे चर्चा झाली.

आता मूळ हिशेबाकडे. चोवीस तास एक सिस्टर हजर ठेवायची म्हणजे वर्षाला ३६५ गुणिले तीन, एक हजार पंचाण्णव ड्युट्या. एका माणसाच्या वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा, आणि सणवार, आजारपण, नाइट ऑफ धरून वीसेक दिवस वजा करा. उरतात सुमारे २५५. म्हणजे एका जागेवर सतत कुणीतरी असावं यासाठी चार माणसंही पुरत नाहीत, ४.३ लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचं मोजमाप शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डाला तीन खाटांमागे एक परिचारिका आणि वर ३० टक्के रजा राखीव, असं आहे. ऐकायला तीनास एक फार छान वाटतं. पण ते तिन्ही पाळ्या मिळून आहे. एका पाळीत ते नवास एक होतं. चाळीस खाटांच्या वॉर्डाला या मापानं १७ जणी मिळतात. वरच्या हिशेबानं लागतात १९. सगळी पदं मंजूर असून, सगळी भरलेली असूनसुद्धा दोन जणी कमीच.

आणि पदं तशी कधी नसतात. आकृतिबंध, म्हणजे किती पदं हे ठरवणारा आराखडा, मंजूर खाटांवर ठरतो, वॉर्ड आलेल्या रुग्णांवर चालतो. चाळीस खाटांच्या वॉर्डात पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत सत्तर माणसं असतात. प्रसूती रजा १८० दिवसांची आहे, बालसंगोपन रजाही मिळते, आणि ज्या पेशात बहुतेक स्त्रियाच आहेत तिथे त्या मिळायलाच हव्यात. बदली माणूस मात्र मिळत नाही. म्हणून एका मैत्रिणीचं बाळंतपण बाकीच्या सोळा जणींच्या सुट्ट्यांतून भागवलं जातं, आणि तिच्याविषयी मनात आलेल्या रागाची त्यांनाच लाज वाटते. हे मला फार क्रूर वाटतं.

निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं तशाच राहतात. शासकीय नर्सिंग शाळेतून बाहेर पडलेल्या मुली बंधपत्रित म्हणून, म्हणजे सरकारी सेवेच्या बाँडवर, लागतात. ठरावीक दिवसांचे आदेश, मध्ये तांत्रिक खंड, पुन्हा आदेश. शेजारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी सिस्टर. नियमित अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, कंत्राटी मानधन २०,००० च्या आसपास. वॉर्ड तोच, इंजेक्शनं तीच, चूक झाली तर नोंदणी जाण्याची भीतीही तीच. भरती बाहेरच्या एजन्सीमार्फत करायचं ठरलं तेव्हा मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या. एजन्सीनं पाठवलेली मुलगी सहा महिन्यांत जाते. वॉर्डाची माहिती, तातडीच्या औषधांच्या गाडीत, क्रॅश कार्टमध्ये, काय कुठे आहे, कुठला सक्शन नीट चालतो, ही माहितीही तिच्याबरोबर जाते.

खासगीकडे चित्र वेगळं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं सांगितलं, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० मिळावेत आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकं वेतन मिळावं. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. तालुक्याच्या गावातली नर्सिंग होम्स पाहिली की या शिफारशी कुठवर पोचल्या ते कळतं. तिथे पुष्कळदा जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका झालेली एकच सिस्टर असते आणि बाकी मुली काम बघून शिकलेल्या. त्या मुलींचा यात दोष नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही.

मग शिकलेल्या मुली जातात कुठे? आखातात, इंग्लंड-आयर्लंडला, अलीकडे जर्मनीला. आपल्या शहरांतल्या रुग्णालयांना वर्षानुवर्षं केरळच्या सिस्टरांनी हात दिला. त्यांच्या पुढच्या पिढीला आता थेट परदेशाचा रस्ता मोकळा आहे. महाराष्ट्र सरकारनंही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका आहेत. चार वर्षं बीएस्सी, वर जर्मन भाषेची बी-दोन पातळी, एवढी मेहनत करणाऱ्या मुलीनं का जाऊ नये? तिला अडवण्याचा हक्क कुणालाच नाही. प्रश्न एवढाच आहे, की ती गेल्यावर इथल्या सतरापैकी तिची जागा सहा महिन्यांत भरली जाणार का.

शाळा वाढवणं हा उत्तराचा अर्धाच भाग आहे. नव्या मुलीला वॉर्डात शिकवायला अनुभवी सिस्टर लागते, आणि तिला स्वतःचं काम उरकत नाही. मग विद्यार्थिनीच हात म्हणून मोजल्या जातात. शिकण्याच्या वयात लेबल न लावलेला ट्रे बघितला की तीच पद्धत वाटते, आणि दहा वर्षांनी ती मुलगी वॉर्डाची प्रमुख, परिसेविका होते तेव्हा पुढच्यांना तेच शिकवते.

नवी पदं मंजूर होऊन भरली जायला वर्षं लागतील. पण एक गोष्ट उद्या करता येण्यासारखी आहे. सिस्टरच्या ड्युटीत जी कामं परिचर्येची नाहीत ती तिच्याकडून काढून घ्यायची. धोब्याकडे गेलेल्या आणि आलेल्या चादरी मोजणं, औषधांचं मागणीपत्र (इंडेंट) लिहून ते घेऊन येणाऱ्याची वाट पाहणं, वॉर्डातल्या सामानाचं डेड स्टॉक रजिस्टर, फुटलेल्या थर्मामीटरचा खुलासा, जन आरोग्य योजनेची कागदपत्रं पुरी झाली का पाहणं, संगणकावर नोंदी, रक्ताचे नमुने पाठवायला मामा (वॉर्डबॉय) शोधणं, स्ट्रेचर शोधणं. एका वॉर्डाला एक लिपिक, आणि फार्मसीनं औषधं वॉर्डात आणून देणं, एवढ्यानं एका ड्युटीतले दोन तास सुटतात असं धरलं तर ते फार होणार नाही. त्या दोन तासांत पन्नास रुग्णांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजून होतो, एकदा रात्री दहाला आणि एकदा दोनला, आणि वर वीस मिनिटं उरतात.